पांढरा दोरा

चांदसैली घाट चढून जीप धडगावच्या बाजूला लागते तेव्हा साडेआठ वाजलेले आहेत आणि हवेत अजून गारठा आहे. पुढच्या सीटवर सिस्टर. कानाला मफलर, मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात आल्बेंडाझोलच्या पट्ट्या. "सेविकेकडे गोळ्या गेल्या आठवड्यातच पोचल्यात," त्या मागे न वळता सांगतात, "पण ऐन वेळी कमी पडल्या तर डोंगरावर कुठून आणणार? म्हणून जास्तीच्या घेतल्या." वळणावर खोकं घसरतं तशा त्या त्याला पोटाशी धरतात. तान्ह्या पोराला धरावं तसं.

आज फेब्रुवारीतला जंतनाशक दिन. २०१५ मध्ये अकरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत हा उपक्रम सुरू झाला, पुढच्याच वर्षी देशभर गेला. फेब्रुवारीत एकदा, ऑगस्टमध्ये एकदा; एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्या मुलामुलींना अंगणवाडीत नाहीतर शाळेत एक गोळी. आधी कुणाचं शौच तपासायचं नाही, कुणाला जंत आहेत आणि कुणाला नाहीत ते बघायचं नाही. सगळ्यांना सरसकट. मला हे पूर्वी अडाणीपणाचं वाटायचं. पण गोळी स्वस्त, तपासणी महाग, आणि सातपुड्यात तपासणी करायची म्हटलं तर आधी रस्ता लागतो. तो विचार केला की सरसकट देणंच शहाणपणाचं वाटायला लागतं.

जीप थांबते तिथून पाडा दिसत नाही. मैदानात वाढलेल्या माणसाला पाडा म्हटलं की शेजारी-शेजारी टेकलेली घरं डोळ्यांसमोर येतात. अक्राणी तालुक्यात तसं नसतं. हे घर या टेकाडावर, दुसरं त्या टेकाडावर, मध्ये शेत, शेताच्या बांधावर महू. कुडाच्या भिंती, वर कौलं. सिस्टर हात करून दाखवतात, "ते पण आपलंच, अन ते पलीकडलं पण." पलीकडलं म्हणजे दरीच्या पलीकडलं. पळस अजून पुरता फुललेला नाही. पण कुठूनतरी मांदल वाजतोय, आणि हे मांदल वाजवणं आता होळीपर्यंत थांबणार नाही.

अंगणवाडीच्या भिंतीवर अननसापासून ज्ञपर्यंत चित्रं आहेत. यातली निम्मी फळं या पोरांनी कधी पाहिलेली नाहीत. महू नाही, चारोळी नाही, आणि आंबा आहे तो हापूस. सेविकाताई दारातच रजिस्टर उघडून बसल्यात. यादीत चौतीस नावं. समोर बसलेली पोरं मी मोजते, एकोणीस. उरलेल्या पंधरा नावांपुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलाय: गुजरात.

"ऊस," ताई म्हणतात. "बारडोली, नवसारी, जिकडे मुकादम नेईल तिकडे. दिवाळी झाली की जातात, होळीला येतात."

"मग त्यांना गोळी?"

"तिकडे मिळेल ना. तिकडे पण आजच देतात."

हे त्या जशा म्हणतात त्यावरून त्यांनाही ते फारसं पटलेलं दिसत नाही. गुजरातच्या फडातल्या कोपीपर्यंत कुठली अंगणवाडीताई रजिस्टर घेऊन जात असेल, आणि तिच्या यादीत या पोरांची नावं कुठून येतील? पेन्सिलीने लिहिलंय, कारण होळीला नावं परत यायची आहेत. पेनाने लिहिलेलं खोडता येत नाही.

गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, म्हणून आधी खिचडी. मदतनीस बाई पातेल्याशी बसून ताटल्यांत वाढतात. खिचडी संपते, हंड्याजवळ हात धुण्याची रांग लागते. साबणाची वडी एकच, ओली, काळपट, पण आहे. प्रत्येक पोर ती दोन्ही तळव्यांत फिरवतं, पुढच्याला देतं. एक पोरगं वडी हुंगतं, तिला जीभ लावतं, तोंड वाकडं करतं. सगळे हसतात.

मग गोळ्या. चघळून खायची गोळी, चारशे मिलिग्रॅमची, गोडसर वासाची. ताई पहिली गोळी हातात धरून स्वतःचेच दात हलवून दाखवतात. चावायची, गिळायची नाही. पोरं एकेक करून येतात, चावतात, आ करून दाखवतात. रजिस्टरात नावापुढे बरोबरची एक खूण होते. आज चुकलेल्यांना आठवडाभरात परत बोलावतात. त्या दिवशी ज्याला मिळेल त्याच्यापुढे दोन खुणा. ही दोन खुणांची पद्धत मला आवडते. कोण वेळेवर आलं आणि कोणाला शोधून आणावं लागलं, ते नुसत्या रेघांवरून कळतं.

दीड वर्षाच्या एका पोरीसाठी अर्धी गोळी. ताई गोळी मधून मोडतात, अर्धं कागदात गुंडाळतात, उरलेलं अर्धं दोन चमच्यांमध्ये धरून दाबतात. कट्. पहिल्या दाबाला चार तुकडे. मग वरचा चमचा अंगठ्याने घोळवत घोळवत पूड. पाण्याचे चार थेंब. चमच्याच्या खळग्यात पांढरट लगदा होतो, आणि ताई तो पोरीच्या ओठाला लावतात तेव्हा पोरगी अख्खा चमचाच धरते. सोडत नाही. आईने दोन बोटांनी गाल दाबल्यावर सुटतो. लहान पोराला गोळी नुसती तोंडात टाकली तर ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून हा सगळा खटाटोप. सिस्टर म्हणतात, "प्रशिक्षणात हे सतरा वेळा सांगतात, अन ते बरोबरच आहे."

दारात एक म्हातारी येऊन बसलीये. तिला गोळी नको, तिला बोलायचंय. पावरीत बोलते, ताई मराठीत सांगतात. मागच्या वेळी तिच्या नातवाने गोळी खाल्ली, तर दुसऱ्या दिवशी शेतात एवढे एवढे पडले. म्हातारी वीतभर हात करते. मग बोटं दाखवते: चार, पाच. बायका तोंडाला पदर लावून हसतात, पण त्या हसण्यात कबुली आहे. गोळी चालते. डोळ्यांनी बघितलंय.

म्हातारीने पाहिले ते गोलकृमी. गांडुळाएवढे, गुलाबी-पांढरे, दिसणारे. या गोळीची सगळी पत त्यांच्यावर उभी आहे. माझ्या घरीही तेच होतं. मी धुळ्याची. रात्री झोपेत दात खाल्ले की आई म्हणायची, पोरीच्या पोटात जंत झालेत; गूळ बंद, आणि सकाळी वावडिंगाचा काढा. जेवताना अजून एक भाकरी मागितली तरी आजी विचारायची, "जंत पडले का गं पोटात?" आपल्या भाषेतला जंत हा असा हावरट, लांबलचक, ऐसपैस प्राणी आहे. तो पोटात मावत नाही म्हणून बाहेर पडतो आणि आपण त्याच्याकडे बोट दाखवतो.

मी इथवर आलेय ती त्या दुसऱ्यासाठी, जो असा पडत नाही.

*

साडेअकराला एक बाई येते. कडेवर अडीचेक वर्षांचा मुलगा, मागे पदर धरून पाच वर्षांची मुलगी. मुलीचं नाव यादीत आहे, पुढे पेन्सिलीने गुजरात. ताई रबर शोधायला लागतात. "तुम्ही कधी आलात?" बाई सांगते: महिना झाला. नवरा तिकडेच आहे, कोयता सोडता येत नाही, उचल फिटायची आहे. पोरगी आजारी म्हणून ती दोघांना घेऊन परत आली.

सिस्टर पुढ्यातलं खोकं बाजूला ठेवतात. पोरीला वजनकाट्यावर उभं करतात: अकरा किलो आठशे. दंडाला पट्टी बांधतात, पट्टीचा पिवळा भाग खिडकीत येतो. पाच वर्षांची मुलगी, आणि उंची बघून कुणीही साडेतीन सांगेल. केस भुरे. पापणी खाली ओढली तर आत गुलाबी असायचं तिथे कागदासारखं पांढरं. पोरगी हे सगळं निमूट करून देते. रडत नाही, हात मागे घेत नाही, आणि सिस्टरांना तेच खटकतं. "धडधाकट पोरगं एव्हाना मला चावलं असतं," त्या म्हणतात.

बाई सांगते ते असं. वर्षभर पोट बिघडलेलं. दिवसाला पाच-सहा वेळा बसते. थोडंसंच होतं, चिकट, कधी रक्त. आणि कुंथून कुंथून आंग बाहेर येतं. इथे बाई आवाज खाली आणते. सिस्टर आणि मी दोघी बायकाच आहोत म्हणून ती सांगते तरी. आंग येतं, लाल, फुलासारखं. ती ओल्या फडक्याने हळूहळू आत ढकलते. दोन वेळा त्याच्यावर पांढरे दोरे चिकटलेले दिसले. एक तिने चिमटीत धरून ओढला, निघाला नाही. ताणला, तुटला.

सिस्टर माझ्याकडे बघतात.

"गोळी देऊ?" सेविकाताई विचारतात, गोळी हातात तयार आहे.

"हिला नको. हिला दवाखान्यात घेऊ. आजारी पोराला आज द्यायची नाही."

"मग खूण?"

"नको करू."

ताई पेन उचलून धरतात, परत ठेवतात. लहान भावाला मात्र गोळी मिळते. पूड करून, दोन चमच्यांत. तो थुंकतो, ताई ओठांवरची पुसून परत जिभेवर ठेवतात. त्याच्यापुढे खूण होते. बहिणीच्या नावापुढची जागा कोरी. सकाळपासून इथे आलेल्या वीस-एकवीस पोरांत जिच्या पोटात सगळ्यात जास्त जंत असतील, तिचा रकाना तेवढा रिकामा राहतो. नियम चुकीचा नाही. पण संध्याकाळी टक्केवारी निघेल तेव्हा ही एक कोरी जागा आकड्याला उणेच करणार, आणि त्या उण्यामागे काय आहे ते कुणी विचारणार नाही.

जीपकडे उतरताना मी हातपंपाशी थांबते. पंपाखाली ओट्याच्या कडेला पाणी साचून चिखल झालाय, वर करंजाची सावली. आजूबाजूची सगळी माती फेब्रुवारीच्या उन्हाने फटफटीत कोरडी, एवढाच एक ओला तुकडा. आणि पोरं अर्थातच तिथेच. चिखलाच्या भाकरी थापतायत, पानावर वाढतायत, एकमेकांना भरवल्यासारखं करतायत. मी ज्याच्यासाठी आलेय त्या चाबूककृमीच्या अंड्याला असंच लागतं, ओल आणि सावली. उघड्या उन्हात ते मरतं. ओल्या सावलीत दोन ते चार आठवड्यांत त्याच्या आत अळी तयार होते, आणि मग ते वाट बघत पडून राहतं. महिनोन्‌महिने. ताजं शौच लगेच पोटात गेलं तर या जंताची बाधा होत नाही. आधी त्याला मातीत मुरावं लागतं. म्हणून हा माणसामाणसांत थेट पसरत नाही. मध्ये माती लागतेच.

सेविकाताईंच्या घरामागे संडास आहे. त्या तो वापरतात, अभिमानाने सांगतात. मग हिशेबही सांगतात. एकाला एक तांब्या पुरत नाही, घरात सात माणसं, म्हणजे रोजचे दोन हंडे जास्त. उन्हाळ्यात पंप आटतो तेव्हा खाली झिऱ्यावर जायचं, एका हंड्याला पाऊण तास. "मी तरी करते," त्या म्हणतात, "मला लोकांना सांगायचं असतं ना. माझी सासू म्हणते, पाणी डोक्यावर आणायचं अन हगायला ओतायचं, कोणी शिकवलं तुला?" त्या हसतात. सासूचा मुद्दा मला खोडता येत नाही.

शेजारच्या घराचा संडासही उभा आहे. आत तुराट्या आणि दोन कोंबड्या.

*

प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटर. पोरगी आईच्या मांडीवर, भाऊ माझ्या. घाटात त्याला उलटी होते, माझ्या ओढणीवर खिचडी. गोळी पोटात राहिली की गेली, कोण जाणे. सिस्टर उलटीकडे बघून हिशेब करतात, "तास होऊन गेला. राहिली असेल."

मी बाईला विचारते, उसाच्या फडात राहता कुठे? सिस्टर भाषांतर करतात. कोपीत. बसायला कुठे? उसात. आणखी कुठे जाणार. ऊस डोक्याच्या वर, खाली पाटाचं पाणी, दिवसा काळोख. मी तिथे कधी गेलेले नाही, पण करंजाखालचा तो ओला तुकडा आठवतो आणि तो मनात एकरभर पसरतो. शेकडो माणसं, चार-पाच महिने, सावलीतली ओली माती. पोरं फडाच्या कडेला खेळणार. ही मुलगी दोन हंगाम तिकडे गेली. तिच्या पोटातला जंत सातपुड्यातला की सुरतेकडचा? अंडं गिळल्यापासून मादी अंडी घालायला लागेपर्यंत तीन महिने जातात, पुढे तो वर्ष-दोन वर्षं जगतो. तेवढ्या काळात ही पोरगी दोन राज्यांत राहून आली.

"माती खाते का?" सिस्टर विचारतात.

बाई लगेच उत्तर देत नाही. मग मान हलवते. भिंतीची खाते. पाऊस पडला की भिंतीचा वास येतो, तेव्हा चाटते. इतर वेळी खरवडून खाते. बाईने हात बांधून ठेवून पाहिलं. मारूनही पाहिलं. "मी पण खायचे," ती शेवटी म्हणते, "ही पोटात होती तेव्हा." अंगात रक्त नसलं की मातीची हाव सुटते आणि मातीतून जंत मिळून रक्त आणखी कमी होतं. हे चक्र बाईला कुणी सांगितलेलं नाही, पण त्यातली तिची जागा तिला नीट माहीत आहे, म्हणूनच ती आधी गप्प बसली.

दवाखान्यात लॅबवाले भाऊ जेवायला निघालेत. शौचाच्या नमुन्याची डबी बघून परत येतात. त्यांचं सूक्ष्मदर्शक दिवसभर मलेरियाच्या काचा आणि थुंकीचे नमुने बघतं. शौचाचा नमुना महिन्यात दोन आले तर पुष्कळ. "लोक डबी घेऊन जातात, परत आणत नाहीत. लाज वाटते," ते म्हणतात. काडीने कणभर घेतात, काचेवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात कालवतात. पातळ काच तिरपी टेकवून अलगद सोडतात, बुडबुडा येऊ नये म्हणून. मग डोळा लावून काच सरकवतात. पाच सेकंदसुद्धा होत नाहीत.

"या, बघा."

दहाच्या भिंगाखाली आधी नुसता कचरा. पिवळट तुकडे, धागे, न पचलेल्या ज्वारीची सालं. मग डोळा बसतो. तपकिरी, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं होत आलेलं, आणि दोन्ही टोकांना काचेसारखं पारदर्शक बूच. एकदा एक ओळखलं की सगळीकडे तेच दिसायला लागतात. एका नजरेत सहा. काच सरकवली, आणखी सात. भाऊ चाळीसचं भिंग फिरवतात, एकच अंडं डोळाभर होतं. पुस्तकांत याला पिंपाची उपमा देतात. इथे बसून मला सकाळचा मांदल आठवतो: पोटात फुगीर, दोन्ही तोंडं बांधलेली. लांबी मिलिमीटरचा विसावा भाग. एक मादी दिवसाला तीन हजारांपासून वीस हजारांपर्यंत घालते.

"चाबूककृमी," भाऊ म्हणतात. "इकडे एवढे कधी पाहिले नव्हते. आकडेकृमीची अंडी दिसतात, गोलकृमीची दिसतात. याची एखाद-दुसरी."

चाबूक हे नाव मराठीने बरोबर उचललंय. मागचा भाग मुठीसारखा जाड, पुढचा केसासारखा बारीक. जंत सगळा मिळून तीन ते पाच सेंटिमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त तो केस. शास्त्रज्ञांची मात्र पहिल्यांदा फसगत झाली. अठराव्या शतकात त्यांना वाटलं, केस म्हणजे शेपूट, आणि त्यांनी ग्रीकवरून 'केसासारख्या शेपटीचा' अशा अर्थाचं ट्रायक्युरिस नाव ठेवलं. पुढे कळलं की ते तोंड आहे. नाव बदलायचा प्रयत्नही झाला, पण आधीचंच चिकटलं. आणि त्या केसातच सगळी मेख आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला हा जंत तो केस अस्तरात शिवणीच्या दोऱ्यासारखा ओवतो. जाड मूठ बाहेर लोंबत राहते. बाईने चिमटीत धरली ती मूठ. ती ओढली, निघाली नाही, तुटली. निघणार कशी, पुढचा भाग तिच्या पोरीच्या आतड्यात शिवलेला होता.

आकडेकृमीच्या मानाने हा रक्त फारच थोडं घेतो. थोडे असले तर माणसाला पत्ताही लागत नाही, आणि बहुतेकांच्या पोटात थोडेच असतात. जगात चाळीस कोटींहून जास्त माणसं याला घेऊन हिंडतात. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या आतड्यातही याची अंडी होती. पण काही थोड्या पोरांच्या पोटात शेकड्यांनी साठतात. मग आतडं सगळं सुजतं, गुदद्वारापर्यंत, सतत बसावंसं वाटतं, पोर कुंथत राहतं, आंग बाहेर येतं. वाढ थांबते. ते इतकं हळू होतं की ताप आल्यासारखी धावपळ करावी असं कुठल्याच एका दिवशी वाटत नाही.

डॉक्टर तरुण आहेत, त्यांची ओपीडी संपत आलीये. काच स्वतः बघतात. मग पोरीच्या दोन्ही हातांची पहिली बोटं घेऊन नखं पाठीला पाठ लावून उजेडाकडे धरतात. निरोगी बोटांमध्ये तिथे शंकरपाळीच्या आकाराची बारीकशी फट दिसते. मी माझी बोटं जोडून बघते, दिसते. पोरीच्या बोटांत दिसत नाही. नखांची मुळं फुगून ती बुजलीये. "बरेच दिवसांचं आहे," ते म्हणतात. हिमोग्लोबिन साडेसात. ते ग्रामीण रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे भरती करायला सांगतात. बाई नाही म्हणते. शेळ्या आहेत, सासू एकटी आहे, नवरा होळीला येईल तेव्हा विचारीन. सिस्टर समजावतात, बाई ऐकून घेते आणि परत नाही म्हणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत नंदुरबारमधल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी भरलं होतं. त्या सगळ्यांच्या आयांना दोन आठवडे शेळ्या सोडून यायला सांगता येत नाही, हे डॉक्टरांनाही माहीत आहे. ते आग्रह फार ताणत नाहीत.

चिठ्ठीवर लिहितात: आल्बेंडाझोल, रोज एक, तीन दिवस. मग लोहाचं औषध. पंधरा दिवसांनी परत डबी.

"तीन का?" मी विचारते.

"एकीने हा मरत नाही." डॉक्टर पेनचं टोपण लावतात. गोलकृमी एका गोळीत शंभरातल्या पंचाण्णव जणांच्या पोटातून साफ होतो. चाबूककृमी शंभरातल्या तीसेक जणांच्याच. बाकीच्यांच्या पोटात कमी होतो, पण राहतो. आल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिन दिलं तर गुण जास्त येतो असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय, आणि २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याची ही जोडगोळी आहे. कोविडात लोकांनी विनाकारण खाल्लं तेच हे आयव्हरमेक्टिन. अंगणवाडीच्या खोक्यात मात्र एकटं आल्बेंडाझोलच असतं.

मला दक्षिण कोरिया आठवतो. तिथे १९७१ च्या देशव्यापी पाहणीत दर शंभरात पासष्ट माणसांच्या पोटात चाबूककृमी निघाले होते. म्हणजे गोलकृमीपेक्षाही जास्त. त्यांनी शाळेतल्या प्रत्येक पोराचं शौच वर्षातून दोनदा तपासलं, पंचवीसेक वर्षं, न कंटाळता. ज्याच्यात अंडी सापडली त्याला औषध, आणि परत तपासणी. त्याच काळात तिथे पैसा आला, नळ आले, शेतात मैला टाकणं थांबलं. जंत जवळजवळ संपला. श्रेय कशाला किती, यावर वाद घालता येईल. पण आपण इथे डबी देतो आणि ती परत येत नाही, तिथे परत आली होती, एवढा फरक मला लॅबवाल्या भाऊंच्या रिकाम्या रॅककडे बघून टोचतो. एका गोळीच्या दिवसाला मी नावं ठेवत नाही. म्हातारीच्या नातवाचं पोट त्यानेच साफ केलं. पण त्या वीतभर जंतांनी गोळीवर जो विश्वास बसवला, त्याच विश्वासाच्या आडोशाने हा पांढरा दोरा राहतो. मेला तरी कुणाला दिसत नाही. जगला तरी नाही.

तीन वाजलेत. व्हरांड्यात सिस्टर बाईला गोळ्या समजावतायत. आजची एक त्यांनी आपल्यासमोरच चावायला लावलीये. पोरीने निमूट चावली, आ करून दाखवलं. दोन गोळ्या कागदात बांधून बाईच्या हातात. "उद्या जेवल्यावर एक. परवा जेवल्यावर एक. नखं काप हिची. भिंत खाऊ देऊ नको." बाई प्रत्येकाला हं म्हणते, भिंतीला सोडून. पुडी कमरेच्या गाठीत खोवते.

मुलगी बाकावर झोपलीये. तोंड थोडं उघडं. तिचा भाऊ माझ्या ओढणीच्या वाळलेल्या डागाशी खेळतोय. त्याच्या नखांत सकाळचा पंपाखालचा चिखल तसाच आहे.

जीपवाला हॉर्न देतो. बाई उठते, मुलीला खांद्यावर टाकते, दोन पावलं जाते आणि वळते. दिवसभर ती सिस्टरांशी पावरीतच बोललीये. आता मराठीत बोलते, शब्द शोधून.

"हिला तीन." कमरेच्या गाठीवर हात. मग मुलाकडे बोट. "याला एक?"

सिस्टर मुलाकडे बघतात. मग हातातल्या खोक्याकडे. झाकण उघडतात, आत उरलेल्या पट्ट्या, मोजलेल्या, संध्याकाळी परत जमा करायच्या. जीपवाला परत हॉर्न देतो. बाई जागची हलत नाही.

"डॉक्टर गेले का बघा हो," सिस्टर मला म्हणतात.